बेचाळीस खुंट्या

"तुम्हीच जा मॅडम," साहेब म्हणाले. "तुम्हाला काय, मूलबाळ नाही. आठ दिवस घर अडणार नाही." बोलता बोलता ते पेन्सिलीला टोक करत होते, शिसं मोडलं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. त्यांच्या मनात काहीही वाकडं नव्हतं. उलट परदेशी जायची संधी आपण एका साध्या आरेखकाला देतोय, बाकीचे लोक नाकं मुरडतील, तरी देतोय, असा थोडा मोठेपणाच होता. मी "जाते" म्हटलं, कागद घेतले, बाहेर आले आणि हात धुवायच्या जागी जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले. हात काही खराब झाले नव्हते. पलीकडे हिशेब विभागातली मुलगी केस विंचरत होती, ती म्हणाली, "पाणी वाचवा हो," आणि हसली, मीही हसले. मूलबाळ नाही हे खरंच होतं, म्हणजे कागदोपत्री खरं होतं. या ऑफिसात मी पंधरा वर्षांपूर्वी लागले आणि त्याच्या आधीचं इथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्या आधीच्या काळात अकरा महिने आमच्या घरी एक मुलगी होती. पाच वर्षांची आली, सहा वर्षांची होऊन गेली. संस्थेतून आणली होती आणि संस्थेत परत दिली. वर्षभर सांभाळून बघायचं, मग कायमचं करायचं, असा नियम होता. वर्ष पुरं व्हायला एक महिना उरला होता.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो वाळलेले कपडे घडी करत होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून घरी आला की त्याला कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही, असं तो गमतीनं म्हणतो. "कसलं काम आहे?" त्यानं विचारलं. आपल्या इथल्या एका ट्रस्टला मुलांचं घर बांधायचंय, मी म्हटलं, म्हणजे असं की मुलांचं खाणंपिणं त्यांच्याच जमिनीतून निघेल, कुणापुढे हात पसरायला नको. तिकडे तसं एक तीस वर्षं चाललंय. खोल्या, गोठा, स्वयंपाकघर, पाणी सगळं एकमेकांना कसं जोडलंय ते बघून मापं घेऊन यायचीत. "अनाथाश्रम," तो म्हणाला. "बालगृह," मी म्हटलं. त्यानं सदऱ्याची बाही आत दुमडली, कॉलर सरळ केली, आणि "स्वेटर ने," एवढंच म्हणाला. आम्ही दोघं असेच बोलतो. भांडत नाही. शेजारी आमचं उदाहरण देतात.

विमान, मग आगगाडी, मग एक जुनी व्हॅन. व्हॅनच्या मागच्या सीटवर बटाट्यांच्या रिकाम्या गोण्या होत्या आणि त्यांचा मातकट, दमट वास अंगाला चिकटला. पोचले तेव्हा सकाळचं धुकं अजून उतारावर रेंगाळत होतं. एक लांबलचक एकमजली इमारत, तिच्या पाठीशी गोठा, आणि पुढे खाली ओढ्यापर्यंत गेलेलं शेत: कोबी, कांदे, घेवडा, आणि सगळ्यांत मोठा तुकडा बटाट्यांचा. शेत एकट्या मुलांचं नव्हतं. खालच्या गावातल्या लोकांचाही त्यात वाटा होता, ते घाम गाळायचे आणि पीक घरी न्यायचे, आणि मुलं त्यांच्या बरोबरीनं काम करायची. ज्या बाई हे सगळं चालवत होत्या त्यांना लहानथोर एकाच नावानं हाक मारत. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मावशी असा होतो, म्हणून मीही मावशीच म्हणायला लागले. साठीच्या असतील. पूर्वी दवाखान्यात परिचारिका होत्या. हातांच्या रेषांत माती अशी बसलेली की ती आता कातडीचाच रंग झाली होती. आमचं दोघींचं बोलणं एका तिसऱ्याच भाषेत चालायचं, दोघींनाही परकी, त्यामुळे दोघींनाही फार गोड बोलता यायचं नाही. मुलांनाही ती शाळेत तोडकीमोडकी शिकवत. मी टेप काढून ओसरीची लांबी घेत होते तेव्हा पाचसहा मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक, दात पडलेली, टेपचं टोक धरून म्हणाली, "न्यायला आलीस की मोजायला?" मला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, बहिऱ्याला विचारावं तसं. "मोजायला," मी म्हटलं. "मग ठीक," ती म्हणाली आणि टोक घट्ट धरून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पळाली. एकोणीस मीटर चाळीस. तो आकडा मी वहीत लिहिला आणि खाली दोन वेळा रेघ मारली.

मोजण्याचं काम मला आवडतं. मोजताना माणूस कुठल्याही खोलीत जाऊ शकतो आणि कुणी विचारत नाही की तुला आत कसं वाटलं. पहिले दोन दिवस मी तेच केलं. भांडी घासायचे ओटे दोन उंचीचे होते, मोठ्यांचे आणि लहानांचे. अंघोळीचं पाणी पन्हळीतून घेवड्याला जायचं. गोठ्याची भिंत आणि झोपायच्या खोलीची भिंत एकच होती, थंडीत गायींची ऊब पलीकडे यावी म्हणून, आणि एका गायीनं तर माझ्या आराखड्याचा कोपरा चाटून गोठ्याचा दरवाजाच पुसून टाकला. सगळे हसले, मावशी म्हणाल्या, "तिला बंद दार आवडत नाही." पाव त्यांचा, दूध त्यांचं, अंडी त्यांची. दिव्याचं तेल आणि मीठ सोडलं तर बाहेरून काही येत नाही, असं मावशी म्हणाल्या, आणि मग, "आणि मुलं," असं म्हणाल्या. सगळं चोख होतं. मी मनाशी म्हणत होते की हे चांगलं आहे, हे खरोखर चांगलं आहे, आणि तरी झोपायच्या खोलीत शिरताना दर वेळी टेप आधीच उघडून हातात धरायचे. पलंगांची एक रांग, प्रत्येकाच्या पायथ्याशी घडी केलेलं पांघरूण. आमच्याकडची मुलगीही अशीच घडी करायची. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठली की पांघरुणाची घडी पायथ्याशी, आणि ती स्वतः घडीशेजारी उभी, कुणीतरी तपासायला येणार असल्यासारखी. पहिल्या आठवड्यात मला त्याचं कौतुक वाटलं. मी सासूबाईंना बोलावून दाखवलं. पुढे पुढे मी त्या खोलीत जायच्या आधी दारातच थांबायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुंट्या मोजल्या. झोपायच्या खोलीबाहेर भिंतीवर लाकडी फळी होती, तिच्यावर मुलांचे कोट आणि पिशव्या अडकवायच्या खुंट्या. बेचाळीस. मुलं अडतीस होती, ते मला ठाऊक होतं. कुणी आजारी आहे का, शाळेत आहे का, म्हणून पुन्हा मोजलं. चार खुंट्या रिकाम्याच होत्या, पण वर चिकटवलेली रंगीत चिन्हं तशीच होती: मासा, कात्री, पान, छत्री. मावशी कांद्याची टोपली घेऊन चालल्या होत्या, मी विचारलं, "या जास्तीच्या कशाला? नवीन मुलांसाठी?" "नाही, गेलेल्यांच्या," त्या म्हणाल्या. "मूल कुणाच्या घरी गेलं की वर्षभर त्याची खुंटी आम्ही कुणाला देत नाही." "का?" हे मी विचारायला नको होतं, कारण उत्तर मला माहीत होतं. माझ्यासारखं ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्यांनी टोपली कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतली. "परत येतात कधी कधी," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. मी वहीत 'खुंट्या ४२' लिहिलं. कंसात काहीतरी लिहायचं म्हणून पेन्सिल टेकवली आणि ती तशीच टेकलेली राहिली, कागदाला एक छोटं भोक पडलं.

तिचं नाव संस्थेनं ठेवलेलं काहीतरी होतं, पण नवरा तिला भिंगरी म्हणायचा. ती जागच्या जागी गोल गोल फिरायची आणि चक्कर येऊन पडली की हसायची, म्हणून. माझ्याकडे बघून ती हसत नसे असं नाही. हसायची. सगळ्यांकडेच बघून हसायची. हेच तर होतं. ती उशीच्या खोळीत बिस्किटं लपवायची, मुंग्या व्हायच्या, ते मी झाडलं. सासूबाईंच्या हाताला चावली, तेही निभावलं. पण ती प्रत्येक बाईला आई म्हणायची. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला, दाताच्या डॉक्टरणीला, दारावर आलेल्या विक्रेतीला. मला आई, तिलाही आई. तो शब्द तिच्या तोंडी 'अहो बाई' इतकाच होता. सुरुवातीला मी समजावलं, मग दटावलं, मग एकदा तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि एका दुपारी ती दिसेना. तासभर मी जिने चढत उतरत होते. शेवटी मागच्या इमारतीत एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात ती सापडली, केळं खात बसलेली. त्या बाईनं मला दारात पाहिलं आणि तिला विचारलं, "ही का तुझी आई?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं, तोंडातला घास गिळला आणि म्हणाली, "नाही." खोडसाळपणानं नाही, घाबरूनही नाही. सरळ खरं सांगावं तसं. मी हसून दंड धरून तिला घरी आणलं. त्या दुपारीच माझं ठरलं. नवरा आल्यावर सांगितलं, तो बूटही न काढता खुर्चीत बसून राहिला. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं." संस्थेच्या फॉर्मवर कारण लिहायची एक ओळ होती. मी लिहिलं, 'जमत नाही.' दोन शब्दांनंतर ओळ बरीच उरली होती.

तिसऱ्या दिवशी बटाटे काढायचे होते. सकाळपासून गावातली माणसं फावडी घेऊन वर यायला लागली, म्हातारी माणसं, बाया, एकाच्या खांद्यावर तान्हं. मी ओसरीच्या पायऱ्यांची उंची घेत होते तेव्हा एक स्वच्छ धुतलेली गाडी फाटकातून आत आली आणि थांबली, पण इंजिन बंद झालं नाही. पुरुष उतरला. मागचं दार उघडून त्यानं एक बॅग काढली, मग एक सातआठ वर्षांची मुलगी उतरली, काटकुळी, पायात नवे चकचकीत बूट. पुढच्या सीटवर एक बाई होती. ती उतरली नाही. मान खाली घालून ती समोरच्या काचेखाली काहीतरी बघत होती, जिथं बघण्यासारखं काही नसतं. मला ते ठाऊक आहे. तिथं एक झाकण असतं, त्यात जुन्या पावत्या असतात, आणि झाकणाला एक ओरखडा असतो, त्याचा आकार कुठल्या तरी देशाच्या नकाशासारखा असतो, आणि तो माणसाला सोळा वर्षं आठवतो. मावशी शेतातून हात पुसत आल्या. पुरुषानं कागद पुढे केले, काहीतरी बोलला, खांदे उडवले. रडत नव्हता, पण ओठांवर ताबा नव्हता. मावशींनी मला पाहिलं आणि हाक मारली, "तू रिकामी आहेस ना? हिला आत घेऊन जा. टाचणी म्हणतात तिला. तिला सगळं माहीत आहे, नुसती बरोबर जा." मी रिकामी नव्हते, माझ्या हातात टेप होती, पण ती मी खिशात टाकली.

तिला खरंच सगळं माहीत होतं. ओसरीत चिखलाचे बूट ठेवायची मांडणी होती. तिनं नवे बूट काढले, जोडून कडेला ठेवले, जणू ते कुणाचे तरी परत करायचे होते. मग खालच्या फळीवरून तिनं कात्रीचं चिन्ह असलेले जुने रबरी बूट ओढले आणि पाय घातला. पाय जाईना. टाच बाहेर राहत होती. तिनं बोटं आत दुमडली, भिंतीला पाठ टेकवून जोर लावला, मग बूट उलटा करून आत काही अडकलंय का ते पाहिलं. काही नव्हतं. नऊ महिने ती बाहेर होती, हे मला मागाहून कळलं; तेवढ्यात पाय वाढला होता, एवढंच. मी "थांब" म्हणाले, मदतीला वाकले, पण माझ्या भाषेत म्हणाले, आणि तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. ज्या मुलांनी काचेचं भांडं फोडलेलं असतं त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं तेही नव्हतं. मग तिनं ते बूट जागेवर ठेवले, रांगेतले दुसऱ्या कुणाचे तरी मोठे बूट घेतले, त्यात पाय सरकवले आणि फटफट आवाज करत खुंट्यांपाशी गेली. कात्रीच्या खुंटीवर बॅग अडकवली. बॅग जड होती, पट्टा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तो बसला तेव्हा बाहेर गाडीचा आवाज वाढला, लांब गेला आणि फाटकाशी वळताना बारीक झाला. टाचणी वळली नाही. तिनं बॅगेची चेन उघडली, एक सफरचंद काढलं, कोटाच्या खिशात घातलं आणि शेताकडे चालू लागली. मी तिथंच राहिले. त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून निघून गेले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. सोळा वर्षं मी फाटकाच्या त्या बाजूलाच होते, या बाजूला काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी मनात काहीतरी रडारड कल्पिलेली होती, आकांत, पाय आपटणं. तिचा पाय बुटात जात नव्हता असं कधी माझ्या मनात आलं नव्हतं.

जेवणासाठी सूप करायचं होतं, मावशी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी समोर बसले आणि एक सुरी घेतली. "काय म्हणाले ते?" मी विचारलं. "जमत नाही म्हणाले. सगळे एवढंच म्हणतात." त्यांची सुरी थांबत नव्हती, साल एकसंध लांब निघत होती. मी म्हटलं, "मीही तेच लिहिलं होतं." आणि मग सांगितलं. त्या परक्या भाषेत सांगितल्यामुळे ते फार थोडक्यात झालं: मुलगी, अकरा महिने, केळं, फॉर्म. एवढं मोठं दगडासारखं होतं ते, आणि चार वाक्यांत संपलं. मावशींनी एक बटाटा संपवून पाण्यात टाकला. मग म्हणाल्या, "तू गाडीत होतीस की आत गेलीस?" "गाडीत. नवरा आत गेला." "मला एक सांग. तीस वर्षं मला कुणी सांगितलेलं नाही, कारण ते निघून जातात. गाडी सुरू झाल्यावर काय वाटतं?" खोटं बोलायची माझी तयारी होती. आजवर मी स्वतःला जे सांगत आले ते ओठांवर होतं, की काळीज फाटलं, की जीव राहिला नाही. "सुटल्यासारखं वाटलं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, एखाद्या रोग्यानं अखेर नेमकं दुखणं सांगावं आणि परिचारिकेनं ते टिपून घ्यावं तशी. "किती वेळ?" "घरी पोचेपर्यंत." "मग?" "मग घरात तिची पांघरुणाची घडी होती."

मावशी उठल्या, पातेलं चुलीवर ठेवलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी काही तुला माफ करायला बसलेली नाही. ते माझं काम नाही, आणि माझ्याकडे वेळही नाही." "माफी मागत नाहीये मी." "मागते आहेस. सगळे मागतात, असू दे." मग वळून त्यांनी मला नीट पाहिलं. "नवऱ्यानं तिला आत काय सांगितलं?" मला माहीत नव्हतं. "सोळा वर्षं विचारलं नाहीस?" "नाही." "का?" कारण एवढंच होतं की विचारलं असतं तर आमचं बोलणं सुरू झालं असतं. मावशी म्हणाल्या, "ओसरीतल्या कोपऱ्यात फोन लागतो. विचार. मुलं ते शब्द लक्षात ठेवतात. आम्हाला दर वेळी आधी ते शब्द शोधून काढावे लागतात, आणि मग पुढचं."

ओसरीच्या त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं, जरा हललं की आवाज तुटायचा. तिकडे संध्याकाळ झालेली असणार, दुकानात गर्दीची वेळ. त्यानं तिसऱ्या रिंगला उचललं. "काय गं, बरी आहेस ना?" मी आडवळण घेतलं नाही, घेतलं असतं तर राहिलं असतं. "त्या दिवशी तू आत गेलास तेव्हा भिंगरीला काय सांगितलंस?" हे नाव आमच्या घरात सोळा वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं. पलीकडे काचेच्या कपाटाचं दार सरकल्याचा आवाज आला, मग तो कुणाला तरी "जरा बसा हं" म्हणाला, मग रस्त्याचा आवाज, म्हणजे तो बाहेर आला होता. "आज काय झालं तुला?" "सांग ना." "मी म्हटलं, मी येतो." "मग?" "मग काय? गेलो नाही. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. आत जाऊन सांगणार काय होतो?" मी भिंतीचा गिलावा नखानं कोरत होते. मला वाटलं, एवढंच होतं, झालं. फोन ठेवावा. तेवढ्यात तो म्हणाला, "ती आली होती."

"कोण?"

"तीच. गेल्या वर्षी, दुकानात. डोळे तपासायचेत म्हणाली. मी तपासले. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर लांब होतं, अर्धा तास, आणि मी ओळखलं नाही गं. लांबचं दिसत नाही, दोन्ही डोळ्यांना पाऊण नंबर. चौकट निवडली, नाव पत्ता कार्डावर लिहून दिला, आणि मग म्हणाली, इथं पूर्वी एक उंच स्टूल होतं ना, फिरणारं?" त्याचा आवाज तसाच होता, गिऱ्हाइकाशी बोलतो तसा सपाट, फक्त मध्ये मध्ये श्वास चुकत होता. "काय हवं होतं तिला?" मी विचारलं. "फोटो. लहानपणचा. तिच्याकडे सातव्या वर्षाच्या आधीचा एकही नाही म्हणे. लहान असताना स्वतः कशी दिसायची ते तिला बघायचं होतं." "फोटो तर मी सगळे—" "एक माझ्या टेबलाच्या खणात होता. दिला." मी विचारलं, काय करते, कशी आहे, लग्न वगैरे, आणि विचारता विचारता लक्षात आलं की हे प्रश्न भाचीबद्दल विचारावेत तसे माझ्या तोंडून येताहेत. तो म्हणाला, छापखान्यात काम करते, बरी आहे, पटापट बोलते. "माझ्याबद्दल काही?" रस्त्यावरून मोठी गाडी गेली, ती जाईपर्यंत तो थांबला. "विचारलं. मी म्हटलं, बरी आहे." "मग पत्ता आहे ना तुझ्याकडे? मला सांग. मी आल्यावर... नाही, आत्ताच सांग, मी लिहून घेते." मी खिशातून पेन्सिल काढली. वही आत राहिली होती, म्हणून मनगट पुढे केलं. "पत्ता आहे," तो म्हणाला. "पण तुला देऊ नको म्हणाली." माझी पेन्सिल मनगटावर टेकलेली होती. "रागानं नाही म्हणाली," तो घाईनं म्हणाला. "अगदी शांतपणे. चष्मा घ्यायला आली तेव्हा पुन्हा आठवण करून दिली. म्हणून तुला सांगितलं नाही. ऐकतेस ना?" ऐकत होते. मी हललेही नव्हते, तरी आवाज तुटला, आणि पुन्हा लावायचा मी प्रयत्न केला नाही.

खाली शेतात सगळी माणसं ओळी धरून कामाला लागली होती. आता उन्हानं धुकं पार गेलं होतं आणि उकरलेली माती काळी, ओली दिसत होती. मी ओसरीवरून उतरले. माझ्या पायांत शहरातल्या साध्या चपला होत्या, त्या पहिल्याच वाफ्यात रुतल्या, मग काढून बांधावर ठेवल्या. अनवाणी पायांना माती बर्फासारखी लागली. डोकं रिकामं झालं होतं, की इतकं भरलं होतं की काही हलत नव्हतं, ते मला कळेना. तिनं मागितलं होतं ते किती थोडं होतं! एक फोटो, आणि एवढं एक, की मला पत्ता मिळू नये. आणि मी मनगट पुढे करून उभी होते, लगेच पाहिजे म्हणून, जसं तेव्हा पाहिजे होतं, आई म्हणायला हवी, मला एकटीलाच म्हणायला हवी, आणि एका वर्षाच्या आत. शेताच्या मध्यावर टाचणी होती. दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या बुटांत, गुडघ्यांवर बसून, हातांनी माती उपसत होती. मोठी माणसं फावड्यानं रोपं उलटी करून पुढे जात, आणि लहानांनी मागून बटाटे वेचायचे, असं ते काम होतं. तिच्या शेजारची मुलं तिच्याशी बोलत होती, नेहमीसारखीच, कालच भेटल्यासारखी, आणि ती उत्तर देत नव्हती, पण बटाटे बरोबर टाकत होती, मोठे एका टोपलीत, कापले गेलेले दुसरीत. मी जाऊन तिच्यासमोर त्याच वाफ्यात बसले आणि हात मातीत घातला. आत एक गार, गुळगुळीत गोळा बोटांना लागला. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. काय ते ठाऊक नव्हतं, शब्दही नव्हते, पण सांगायचं होतं, तिच्यासाठी की माझ्यासाठी हे मी स्वतःला विचारलं नाही. मी तोंड उघडलं.

तिनं मान वर केली. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. गालावर मातीचा फराटा होता, डोळे कोरडे. शाळेत शिकवलेल्या त्या तोडक्या भाषेत, एकेक शब्द नीट शोधून, ती म्हणाली, "इथं मी आहे. तू तिकडून घे."

तिनं बोट दाखवलं. पलीकडच्या ओळीत एक म्हातारा एकटाच वाकला होता, त्याच्या मागे बटाटे तसेच पडून होते. मी हातातला बटाटा तिच्या टोपलीत ठेवला, उठले, आणि तिकडे गेले.